निघालात का?

४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्या पलीकडे जात नाहीस आणि मला तुझ्याकडून भरपूर शब्द हवे आहेत.

माझ्या संशोधनाचा विषय एकदाचा पक्का झाला. रोजच्या बोलण्यातले प्रश्न. आई म्हणाली, यात कसलं आलंय संशोधन, माणसाला माहीत नसतं म्हणून तो विचारतो. मलाही आधी तसंच वाटायचं. पण माझी घरमालकीणच बघ. रोज जिन्यात उभी राहून विचारते, “बाथरूमचा दिवा चालू आहे का गं?” दिवा तिला तिथून लख्ख दिसत असतो. पहिल्या आठवड्यात मी इमानेइतबारे “हो, चालू आहे” असं सांगून पुन्हा वाचत बसले. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिला माहिती नको होती, मी उठून दिवा बंद करायला हवा होता. तसंच, ‘कुणी सांगितलं होतं तुला?’ हा ओरडा असतो आणि ‘येतेस का?’ हे कधी आमंत्रण असतं तर कधी तंबी. प्रश्न विचारताना माणूस खरं म्हणजे काय करत असतो, ते मला शोधायचंय.

माझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात, घरातले प्रश्न पुष्कळ झाले, आता दुकानातले आणा. सख्ख्या मामाचं चष्म्याचं दुकान असताना मी आणखी कुठे भटकू? तुझ्याकडे येणारे लोक काय विचारतात, तू काय उत्तर देतोस आणि पुढे काय होतं, एवढंच लिहून पाठव. जमेल का?

(हा प्रश्न नाही. ‘जमव’ असं वाच.)

तुझी भाची

१६ नोव्हेंबर

चि. प्रश्नपत्रिकेला पैकीच्या पैकी आशीर्वाद.

लहानपणी तू दुकानात आलीस की ‘डोळ्याच्या आत कोण बसतं?’ इथपासून सुरू व्हायचीस आणि गिऱ्हाईक चष्मा न घेताच पळायचं. तेव्हा मी गमतीने ठेवलेलं नाव तू आता पदवीसारखं मिरवणार, असं दिसतंय.

तुझं काम केलं. पहिला प्रश्न दारातूनच येतो, “फार वेळ लागेल का?” असं विचारणारा माणूस नंतर फ्रेम निवडायला अर्धा दिवस घालवतो. म्हणजे प्रश्न वेळेचा नाही, एवढं मलाही कळतं. बहुतेक त्याला भीती वाटत असते. तपासून झालं की, “डोळे फारच गेलेत का हो?” याला ‘नाही’च म्हणायचं असतं, नंबर काहीही निघो. मग आरशासमोर, “ही कशी दिसते?” नवरा सोबत असेल तर प्रश्न नवऱ्याला असतो, आणि नवरा माझ्याकडे बघतो.

पण खरा प्रश्न मी विचारतो. अंधारी खोली, समोर अक्षरांचा तक्ता, गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम. तिच्यातली भिंगं बदलत मी विचारतो, “हे बरं, की हे?” बस. इथे भलेभले गडबडतात. त्यांना वाटतं परीक्षा चालू आहे. “पहिलं. नाही, दुसरं. बरोबर ना?” आता यात बरोबर काय असणार? डोळा तुझा, तुला काय दिसतं ते सांग. एक निवृत्त मास्तर तर बाहेरच्या बाकावर बसून, उघड्या दारातून दिसणारी तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून आत आले. धडाधड म्हणून दाखवली. मी तक्ता बदलला, तरी त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली.

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, त्या गुरुजींचा एक नियम होता. आपल्याला ठरावीक उत्तर यावंसं वाटत असेल, तर प्रश्न विचारायचाच नाही. आवाजसुद्धा एका भिंगाकडे झुकता कामा नये. माणूस भिडस्त असतो. आपल्याला बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हणतो आणि मग चुकीचा चष्मा घालून डोकं धरून बसतो. मी हा नियम दुकानात पाळला आणि दुकानाबाहेरही पाळला. तुझी आई म्हणते, म्हणूनच माझं लग्न राहिलं. असेल.

गिऱ्हाईक नसलेल्यांचे प्रश्न धरायचे का? समोरच्या गाळ्यात पुस्तकबांधणी करणाऱ्या बाई आहेत, सगळे त्यांना बाइंडरबाई म्हणतात. कित्येक वर्षं झाली, संध्याकाळी मी दुकान बंद करायला लागलो की त्या समोरून विचारतात, “निघालात का?” शटर अर्धं खाली आलेलं असतं, पिशवी माझ्या खांद्यावर असते. बाईंची लांबची नजर उत्तम आहे, मीच तपासली आहे. मी ‘हो’ म्हणतो, त्या ‘बरं’ म्हणतात, मी निघतो. हा प्रश्न मला तरी वाया गेलेला वाटतो. तुझ्या उपयोगाचा नसेल तर खोडून टाक.

तुझा मामा

२४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझे मास्तर आमच्या विभागात फेमस झालेत. माझ्या बाई तर म्हणाल्या की निम्मे विद्यार्थी त्यांच्याच कुळातले.

पण तुझ्या पत्रातला सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे तू खोडायला सांगितलेला प्रश्न. जे डोळ्यांसमोर दिसतंय ते एखादं माणूस वर्षानुवर्षं रोज कशाला विचारेल? तुझ्या बाइंडरबाईंना तू निघालास की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. त्या तुझ्याशी बोलायला सुरुवात करतात. पुढचं वाक्य तुझ्याकडून यायला हवं, आणि तू ‘हो’ म्हणून विषय संपवतोस. घरमालकिणीच्या दिव्याचं मी जे केलं तेच, फक्त तू ते जास्त वर्षं केलंस.

मी त्यांना कधी भेटले नाही, तेव्हा माझं चुकतही असेल. म्हणूनच प्रयोग करून बघ. एकदा ‘हो’ म्हणू नकोस. दुसरं काहीही म्हण आणि काय होतं ते कळव. शास्त्रासाठी. आणि त्या कशा आहेत दिसायला, बोलायला, तेही लिही. तेही शास्त्रासाठीच.

तुझी भाची

९ डिसेंबर

चि. प्रश्नपत्रिके,

तुझं शास्त्र फार चोंबडं दिसतंय. तरी प्रयोग केला.

पहिल्या दिवशी त्यांनी “निघालात का?” म्हटल्यावर मी म्हटलं, “का बरं?” त्या गोंधळल्या. “का म्हणजे? सहज,” असं म्हणून आत गेल्या आणि मी शटर धरून तसाच उभा. दुसऱ्या दिवशी मी विचार करून गेलो होतो. म्हटलं, “निघतोय, पण घाई नाही.” त्यांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मग चहा टाकते.”

इतकी वर्षं समोर राहून मी त्यांचा गाळा आतून पाहिला नव्हता. खळीचा वास, भिंतीशी लोखंडी दाबयंत्र, आणि त्यात दाबाखाली ठेवलेली कुणाकुणाची फाटकी पुस्तकं. त्या ठेंगण्या आहेत, केस पांढरे झालेत, बोटांच्या पेरांना सुईने घट्टे पडलेत. यजमान लवकर गेले, तेव्हापासून एकटीने गाळा चालवतात. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी त्याचा कणा चाचपतात आणि मग नाव वाचतात. बोलतात नेमकं, पाल्हाळ नाही. त्यांनी मला विचारलं की मी रोज इतक्या घाईत का असायचो. मी म्हटलं, मला कधीच घाई नव्हती. यावर त्या खूप हसल्या. का हसल्या ते मला नीटसं कळलं नाही.

आता रोजच चहा होतो. प्रयोग यशस्वी, असं लिहून टाक.

जाता जाता एक. त्यांची बहीण राहते त्या गावी एक मोठा छापखाना आहे. तिथे बांधणी विभाग सांभाळायला बाईंना बोलावलंय, राहायला खोलीसुद्धा देताहेत. परवा चहा ओतता ओतता त्यांनी मला विचारलं, “जाऊ का?” मी दोन्ही बाजू नीट मांडल्या. तिकडे बहीण आहे आणि काम पक्कं आहे, इकडे जम बसलेला आहे आणि स्वतःचा गाळा आहे. कुठल्याच बाजूला झुकलो नाही. शेवटी म्हटलं, तुमची सोय कुठे होते ते तुम्हीच बघा. त्या ‘बरं’ म्हणाल्या. हा खराखुरा प्रश्न होता, तुझ्या कामातला नाही, म्हणून वेगळा धरला.

तुझा मामा

१४ डिसेंबर

मामा,

तू कमाल आहेस. ‘जाऊ का?’ हा खराखुरा प्रश्न? मी तुझं पत्र आईला वाचून दाखवणार होते, पण मग ती पहिल्या गाडीने तुझ्याकडे येईल म्हणून वाचलं नाही. अरे, माणसाला कुठेतरी जायचं असेल तर तो सांगतो, ‘मी चाललोय.’ ‘जाऊ का?’ असं त्यालाच विचारतात ज्याने ‘नको’ म्हणावं असं वाटतं. निदान बऱ्याचदा तरी.

तू त्यांना सोयी-गैरसोयी वाचून दाखवल्यास. त्यावर ‘बरं’ म्हणताना त्यांचा चेहरा कसा झाला, ते तू बघितलंस का? तू चहा बघत असणार.

आता जे सांगते ते कर. सरळ बोलणं तुला जमायचं नाही हे मला ठाऊक आहे, तर आडून बोल. उद्या चहाला गेलास की म्हण, “तुम्ही गेलात तर माझी पुस्तकं कोण बांधणार?” हे कळायला कुणाला भाषाशास्त्र शिकावं लागत नाही. अर्थ आपोआप पोचेल, आणि तुझा नियमही मोडणार नाही, कारण तू काही मागितलेलंच नसेल.

लगेच कळव. फोन केलास तरी चालेल.

तुझी भाची

२८ डिसेंबर

चि. भाचीस,

तुझं वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं. घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं, तेव्हा बरं वाटलं होतं.

बाईंनी सुई थांबवली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “स्टँडच्या मागे एक जण आहे. हात चांगला आहे त्याचा, फक्त वेळेवर देत नाही.” मग कागदाच्या कपट्यावर त्याचा पत्ता लिहून दिला. त्याच्याशी आधी बोलून ठेवते, म्हणजे तुमची अडचण होणार नाही, असंही म्हणाल्या. मी आभार मानले. दुसरं काय करणार? कपटा अजून खिशात आहे. तुझ्या शास्त्रात हे कुठे बसतं ते बघ.

त्यानंतर चहा झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शटर हळू ओढलं, दोनदा वर-खाली केलं, पण समोरून प्रश्न आला नाही. त्या आत पुठ्ठे बांधत होत्या. छापखान्याला होकार कळवलाय, जानेवारी सरता सरता जाणार, असं मला खालच्या झेरॉक्सवाल्याकडून कळलं.

तू म्हणशील, मग सरळ विचार की, राहता का म्हणून. ते मी करणार नाही. मला कुठलं उत्तर हवंय हे मला पक्कं माहीत आहे आणि अशा वेळी विचारायचं नाही, हेच तर मी शिकलो. समज, माझ्या भिडेखातर त्या राहिल्या. उद्या तिकडची बहीण आठवेल, तिकडचं काम आठवेल. चुकीचा चष्मा निदान बदलून देता येतो.

पण तुझ्यापासून काय लपवू? त्यांनी जाऊ नये असं वाटतं. संध्याकाळी कुणी काही विचारत नाही तेव्हा मला घरी जायचा कंटाळा येतो, हे मला या वयात कळलं. हे लिहितानासुद्धा पेन दोनदा थांबलं.

तुझा मामा

५ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग मला स्वतःचाच राग आला. आडून बोलायचा सल्ला माझा होता आणि तो साफ चुकला. का चुकला, याचा मी दोन दिवस विचार करतेय.

मला वाटतं, मी पुस्तकातल्या माणसांचा विचार केला, तुमचा नाही केला. इतकी वर्षं त्यांनी तुला रोज एक प्रश्न विचारला आणि तू रोज शब्दाला शब्द उत्तर दिलंस. त्यातून त्या काय शिकल्या असतील? की या माणसाच्या बोलण्याला दुसरा अर्थ नसतो. जे म्हणतो तेवढंच म्हणतो. म्हणून तू पुस्तकं कोण बांधणार असं विचारलंस तेव्हा त्यांनी बिचाऱ्यांनी खरोखरच बांधणारा शोधून दिला. दुसऱ्या कुणी हेच वाक्य म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं. तुझ्याकडून कळणं शक्यच नव्हतं.

पण याची एक चांगली बाजू आहे. तू त्यांना जे सांगशील ते तसंच्या तसं पोचेल. त्या दुसरा अर्थ शोधत बसणार नाहीत.

आता तुझा नियम. तो मला फार आवडला, मी तो प्रबंधात घालणार आहे. पण तो तपासणाऱ्यासाठी आहे ना? ‘जाऊ का?’ हे त्यांनी विचारलं होतं, तू नाही. त्या वेळी खुर्चीत तू होतास. त्यांनी तुला ‘हे बरं, की हे?’ असं विचारलं आणि तू त्यांना भिंगांची माहिती दिलीस. तुझ्या त्या मास्तरांसारखी बरोबर उत्तराची काळजी करत बसलास. डोळा तुझा, तुला काय दिसतं ते सांगायचं होतं, एवढंच.

म्हणून काही विचारू नकोस. विचारण्याची पाळी तुझी नाहीच. तुझं उत्तर द्यायचं राहिलंय.

तुझी भाची

२५ जानेवारी

प्रिय मामा,

पत्र मिळालं का? दुकानाचा फोन लागत नाही. आई विचारते की तुझं बरं चाललंय ना, आणि मी काय सांगू ते मला कळत नाही. तुझ्यावर रागवायचा हक्क माझा नाही, पण काळजी वाटते. दोन ओळी लिही.

तुझी भाची

२ फेब्रुवारी

चि. प्रश्नपत्रिकेला उशिराचे, पण मनापासून आशीर्वाद.

पत्र मिळालं होतं. पांढऱ्या कोटाच्या खिशात त्या बांधणीवाल्याच्या पत्त्याशेजारी ठेवलं होतं आणि गिऱ्हाईक नसलं की काढून वाचत होतो. पाठ झालं, पण समोर जायचा धीर होत नव्हता. फोन मीच काढून ठेवला होता. तू बोलली असतीस तर मी ‘हं’ म्हटलं असतं आणि ते तुला पुरलं नसतं.

शेवटी बाईच आल्या. जायच्या आधी नवा नंबर काढून द्या, सुईचं नेढं दिसत नाही, म्हणाल्या. मी त्यांना खुर्चीत बसवलं, नाकावर फ्रेम चढवली, दिवा मालवला. हे बरं, की हे? इतकं सरळ गिऱ्हाईक मला आजवर मिळालं नाही. पहिलं. दुसरं. दोन्ही सारखीच. ‘बरोबर ना’ नाही की काही नाही. शेवटचं भिंग बसवलं आणि माझा हात फ्रेमवर तसाच राहिला.

“झालं का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “तुम्ही त्या दिवशी मला विचारलंत, जाऊ का म्हणून. मी उत्तर दिलंच नव्हतं. तुम्ही इथून जाऊ नये, असं मला वाटतं.”

बोलून झाल्यावर खोली फार लहान वाटायला लागली. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्या म्हणाल्या, “हे आधी का नाही सांगितलंत?”

मी लगेच कारणं द्यायला तोंड उघडलं. गुरुजींचा नियम, माणसाची भीड, चुकीचा चष्मा, सगळं तयार होतं. आणि तेवढ्यात मला तुझी घरमालकीण आठवली, जिन्यात उभी राहून दिव्याची चौकशी करणारी. मी तोंड मिटलं आणि दिवा लावला. बाईंचे डोळे भरून आले होते आणि नाकावरची फ्रेम न काढता त्या हसत होत्या.

आता पुढचं ऐक. छापखान्याला दिलेला शब्द त्या मोडणार नाहीत आणि मीही मोडा म्हणालो नाही. तिथल्या मुलींना बांधणी शिकवून दोन महिन्यांत परत येणार आहेत. त्यांनी तसं छापखान्याला कळवून टाकलं. गाळा सोडलेला नाही. त्याची किल्ली माझ्याकडे आहे आणि दाबयंत्राला तेल देण्याबद्दलच्या सूचना मला तीन-तीनदा दिल्या गेल्या आहेत. आल्यावर तुझ्या आईला काय सांगायचं ते आम्ही दोघं मिळून ठरवू. तोपर्यंत तू तोंड बंद ठेव.

काल त्यांना गाडीवर सोडायला गेलो होतो. सामान वर चढवलं होतं, इंजिन चालू होतं, त्यांचा एक पाय पायरीवर. आता तुझ्या कामाचं लिहितो. मला सगळं दिसत होतं, माझीही नजर अजून उत्तम आहे. तरी मी विचारलं, “निघालात का?”

कंडक्टर माझ्याकडे बघायला लागला.

बाई वळल्या. म्हणाल्या, “निघतेय, पण घाई नाही.” आणि पायरीवरून खाली उतरल्या.

सामान पुन्हा उतरवून घ्यावं लागलं. कंडक्टर बरंच काही बोलला. त्यातही पुष्कळ प्रश्न होते, पण ते तुझ्या प्रबंधात घालण्यासारखे नाहीत. ती गाडी गेली. आम्ही स्टँडवर चहा घेतला आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसलो.

तुझा मामा